बटण दाबायचा पगार

५ जून २००६, सोमवार

आणि वर म्हणे, "बटण दाबायला कोण पगार देतंय रे? आमाला काय खुळं समजतोस व्हय?" — तेही चार माणसांत. बाप असून आबांना असलं चार माणसांतच सुचतं. घरात आम्ही दोघंच असलो की तोंडाला कुलूप.

वीस दिवस झाले गावाहून येऊन, अजून डोक्यातनं जात नाही. मी काय खोटं सांगितलं होतं? कोल्हापुरात शाहूपुरीत ऑफिस आहे. आत एसीची एक खोली आहे. खोलीत सर्व्हर नावाचं मशीन आहे. लोक गावोगावच्या इंटरनेटवरनं त्यावर येतात. ते अडकलं, म्हणजे हँग झालं, की बटण पाच सेकंद दाबून धरायचं, सोडायचं, परत चालू करायचं, आणि कागदावर लिहून दिलेल्या दोन ओळी जशाच्या तशा टाईप करायच्या. एवढंच काम. मग एवढंच सांगितलं. पारावर बसलेली माणसं हसली. आबा सगळ्यात आधी हसले.

मग त्यांचे ते हात पुढं केले. काजूच्या कारखान्यात फोडून फोडून चिकानं काळे झालेले. "ह्याला म्हणत्यात काम." नववीत वसतिगृहातनं पळून आलो ते आठ वर्षं झाली तरी गिळत नाहीत. गिळू नका. मी पण बोललो मग — "माझं नाव कुठं लावू नका. मी तुमचा कोण न्हाई असं समजा."

म्हणाले, "बरं. न्हाई लावत."

एवढंच. मी पिशवी उचलली आणि एसटी धरली. अव्वा, आई माझी, रस्त्यापर्यंत आली.

ही डायरी खताच्या दुकानदारानं आमच्या साहेबांना दिलेली. साहेबांनी मला दिली, हँगच्या वेळा लिहायला. वेळा मी साध्या वहीत लिहितो. ही ठेवून घेतली. कुणाला तरी सांगायला पाहिजेच की.

६ जून

चार वेळा बसला आज. सर्व्हर. ११:२०, १२:०५, ३:४०, ४:३०.

फॉर्म सुरू झालेत एक तारखेपासनं. एका शिक्षण संस्थेची नर्सिंगची कॉलेजं आहेत पाच जिल्ह्यांत, त्यांचे प्रवेश. यंदापासनं फॉर्म फक्त इंटरनेटवर घ्यायचे असं ठरलं आणि त्याचा ठेका आमच्या हंबीरराव साहेबांना. शेवटची तारीख १५ जून, संध्याकाळी पाच. फॉर्म भरून झाला की मुलीला स्क्रीनवर नंबर मिळतो. नंबर मिळाला तर फॉर्म आला. नाही तर नाही.

आमची धाकटी, मनाली, पण भरणार आहे. बारावीला अडुसष्ट टक्के. आमच्या घरात एवढा आकडा कुणी बघितला नव्हता. गावात इंटरनेट नाही, चंदगडला जाऊन सायबर कॅफेत भरायचा.

सर्व्हर बसला की फोन सुरू होतात. पुढं स्वप्नाली बसते फोनला. सकाळी तिचा आवाज गोड असतो, दुपारी चारला ती माझ्याकडं अशी बघते की मीच ते मशीन पोटातनं काढलंय.

साहेबांनी खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. चप्पल बाहेर काढायची असते आधीपासनंच. मला म्हणाले, "तू काय मानत न्हाईस, म्हाईत हाय मला. पण हात लावू नको त्याला." मी कशाला हात लावतोय. लिंबू एसीत वाळतंय बिचारं.

७ जून

सात वेळा. जेवलो नाही.

८ जून, गुरुवार

पुण्याहून राजवीर आला. इंजिनिअर. माझ्याच वयाचा असेल, एखादं वर्ष मोठा. पण बूट न काढता आत गेला तरी साहेब काही बोलले नाहीत.

खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाला, "बाप रे, हा काय आवाज! बंद कर तो आधी." प्रिंटरबद्दल. माझ्या खोलीत एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पण असतो. कडेला भोकं असलेला लांबलचक कागद लागतो त्याला. प्रत्येक फॉर्म आला की तो आपोआप छापतो. मराठी अक्षरं, त्यात दोन पानं — एका फॉर्मला सव्वा मिनीट. दिवसभर किर्र किर्र. कागद संपला की मी घालायचा, छापलेले फॉर्म फाडून गठ्ठे लावायचे. बटणाच्या बरोबरीनं हे पण माझंच काम.

मी बंद केला. राजवीर दहा ते पाच बसला. पुण्यातल्या मित्रांना फोन करून एका वेळी शंभर फॉर्म टाकायला लावले. नाही बसला सर्व्हर. एकदा पण नाही. बाहेरच्या मुलींचे फॉर्म पण धाडधाड येत होते. जाताना मागचे फॉर्म त्यानंच छपाईला लावून दिले; ते मला जमत नाही, मी नुसता कागद घालत बसलो.

साहेब दारात उभं राहून बघत होते. राजवीर पिशवी भरताना त्याला म्हणाले — मी तिथंच होतो, कागद लावत — "तुमी असला की चालतंय. हा असला की बसतंय. म्हंजे खोट कुठं हाय, सांगा की."

राजवीर हसला. नाही म्हणाला नाही.

९ जून

नऊ वेळा.

साहेब दर वेळी दारात. "काय केलास? कशाला हात लावलास?" शेवटी म्हणाले, तुझ्या हातालाच काहीतरी हाय. ते माझ्या हाताकडं बघत होते आणि मला आबांचे हात आठवले. मग मलाच माझा राग आला, की आत्ता कशाला आठवले.

राहायला खोली शोधत होतो तेव्हा पण असंच. आडनाव विचारायचे, कुरणे म्हटलं की पुढचं काही विचारायचेच नाहीत. इथं निदान तोंडावर बोलतात.

१० जून, शनिवार

एक गोष्ट लिहून ठेवतो. उद्या डोकं ठिकाणावर नसेल.

मी ह्या नोकरीच्या आधी तीन वर्षं कबनूरला यंत्रमागावर होतो. सहा माग एका माणसाकडं. सहा माग डोळ्यानं नाही सांभाळता येत, कानानं सांभाळावे लागतात. पाठ असली तरी कळतं चौथ्याचा धागा तुटला, दुसऱ्याची कांडी संपली. पिराजी म्हणून म्हातारा होता तिथं, त्यानं शिकवलं. म्हणायचा, बघू नगंस, आईक.

तर आज १२:४० ला सर्व्हर बसला. स्वप्नालीनं तिच्या कंप्युटरवर पान उघडून बघितलं, उघडेना. फोन वाजायला लागले. मी बटणाकडं गेलो. बोट ठेवलं. आणि ऐकू आलं — प्रिंटर चालूच आहे.

मशीन मेलंय ना? मग प्रिंटरला फॉर्म कोण पाठवतंय?

कागद बघितला. वेगळं नाव, वेगळं गाव. मग पुढचं. शिरढोणची एक, मग कणकवलीकडची एक. सर्व्हर बंद पडलाय असं सगळं ऑफिस म्हणतंय आणि त्याच्यातनं मुली एकामागनं एक बाहेर येतायत, सव्वा सव्वा मिनिटाला.

साहेब ओरडले. मी बटण दाबलं. एका नावाच्या मधेच प्रिंटर थांबला. "चिमणाब" एवढंच छापलं होतं, बहुतेक आईचं नाव. ती चिठ्ठी फाडून खिशात ठेवली, कशाला कोण जाणे.

मला फॉर्म वाचायची सवय लागलीय. गठ्ठे लावता लावता वाचतो. गाव, टक्के, पालकाचं नाव, पालकाचा व्यवसाय. शेती. शेती. मजुरी. मयत. मजुरी. मनालीचा कधी येतोय म्हणून पण बघतो. अजून आला नाही.

११ जून, रविवार

ऑफिसला सुट्टी. फॉर्म चालूच असतात म्हणून मी होतो. एकटाच.

११:१० ला बसला. बटण दाबलं नाही.

हात मांडीखाली घेऊन बसलो. खरंच. फोन वाजत होते, स्वप्नाली नव्हती, वाजू दिले. प्रिंटर चालू. मी फॉर्म मोजत होतो. बत्तीस झाले आणि स्वप्नालीच्या कंप्युटरवर पान आपोआप उघडलं. ११:५०. कुणी हात लावला नव्हता.

परत दोन वाजता बसला. या वेळी प्रिंटरचं बटण बंद केलं. पळत पुढं जाऊन बघितलं — पान उघडलेलं!

म्हणजे असं. राजवीर गुरुवारी बोलला होता की सर्व्हर एका वेळी पन्नास जणांनाच आत घेतो. पन्नास भरले की एक्कावन्नावा दारात. आणि हे पन्नास आत काय करतायत? प्रिंटरची वाट बघतायत. का, तर साहेबांचा नियम. कागदावर फॉर्म पुरा छापून झाल्याशिवाय मुलीला नंबर द्यायचा नाही. हा प्रोग्राम ज्यानं लिहिला तो केव्हाच सोडून गेला, पण साहेब त्याला सांगत होते तेव्हा मी चहा घेऊन गेलतो, मला आठवतंय. साहेबांच्या वडलांची गुळाची अडत होती इथंच. "आमच्या अडतीत आधी पावती फाटायची, मग ढेप हलायची. पावती न्हाई तर माल न्हाई. तसं करा." त्यानं तसं केलं.

प्रिंटर बंद असला की प्रोग्राम त्याचा नाद सोडतो आणि नंबर देऊन टाकतो. म्हणून राजवीर असताना बसत नाही. आवाज नको म्हणून तो प्रिंटर बंद करतो.

आणि मी. मशीन बसलंय म्हणून मी बटण दाबतो तेव्हा आत पन्नास मुली रांगेत उभ्या असतात. आपला नंबर कधी येतोय बघत. त्यांना मी बाहेर फेकतो. दिवसातनं नऊ वेळा. पगार घेऊन.

कळलं ते चांगलं झालं की वाईट, कळंना. हे सांगितलं की बटण दाबायला माणूसच लागणार नाही.

१२ जून, सोमवार

नाही सांगितलं.

असं मनात घेऊन गेलो की चारच दिवस राहिलेत. पंधरा तारीख होऊ दे. नोकरी राहू दे. परत कबनूरला जाऊन मागाच्या धुळीत खोकत बसायचं नाही मला. आणि गावात काय सांगणार? आबा तर वाटच बघतायत.

अकरा वेळा बसला. अकरा वेळा दाबलं. साहेब मागं उभे होते, पण ते नसते तरी दाबलंच असतं, उगाच त्यांच्यावर ढकलत नाही.

दोन वाजता स्वप्नालीनं हाक मारली. ऑफिसच्या फोनवर माझा फोन आलेला चालत नाही, पण तिनं हळूच दिला. मनाली होती. चंदगडहून.

"दादा, तिसऱ्यांदा आले मी. फॉर्म भरते, शेवटचं बटण दाबते, गोल गोल फिरत राहतंय, आणि मग पांढरं पान येतंय. सायबरवाला म्हणतोय तुमचं कोल्हापूरचं मशीन बोगस हाय."

तिला माहीत नाही की ते मशीन माझ्याकडंच आहे. घरात सर्व्हर एवढंच सांगितलंय, ह्याच फॉर्मांचा ते नाही.

विचारलं, पांढरं पान किती वाजता आलं. म्हणाली पावणेबाराला, घड्याळ समोरच होतं. मग हळू म्हणाली, "पाऊस लई हाय. पुलावर पाणी चढलं तर एसटी बंद हुईल. नंबर न्हाई मिळाला तर मग अव्वा म्हणती काजूला चल."

फोन ठेवला. वही काढली. ११:४५. माझंच अक्षर.

१३ जून

सकाळी सांगितलं. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सगळं. पन्नासाची रांग, सव्वा मिनीट, रविवारचं. वही दाखवली. आठ तारखेला राजवीर होता, प्रिंटर बंद होता, त्या दिवशी वहीत एक पण वेळ नाही, तेही दाखवलं.

शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"संघर्ष, कितवी झालीय तुझी?"

"आठवी. नववीत सोडली."

"आणि राजवीरची?" मी वही मिटली. "त्याला दिसलं न्हाई ते तुला दिसलं व्हय? उद्या ती स्क्रीन गेली, आतलं सगळं उडालं, तर संस्थेला काय दाखवू? तुझी वही? कागद हाय म्हणून मी हाय. प्रिंटरला हात लावलास तर हात मोडीन."

मग चष्मा पुसत, "माझ्या बापानं चाळीस वर्षं पावतीवर धंदा केला. एक ढेप इकडची तिकडं झाली न्हाई."

आठ वेळा बसला. मी बटण दाबलं नाही. साहेबांनी स्वतः येऊन दाबलं. त्यांना दोन ओळी टाईप करता येईनात, त्या मी केल्या.

१४ जून

राजवीरला बाहेरच्या एसटीडीवरनं फोन केला. माझ्या पैशानं, पुण्याला. तो जेवत होता. हसला. "अरे, प्रिंटरनं कधी सर्व्हर बसतो का? तू रीस्टार्ट करत राहा. पंधरा तारखेनंतर मी निवांत बघतो."

पंधरा तारखेनंतर बघून काय करणार, त्याचं त्याला माहीत.

दहा वेळा. गठ्ठ्यात मनालीचा फॉर्म नाही.

प्रिंटर बंद केला तर उद्या तिचा फॉर्म आला का नाही हे मला कळायचं नाही. कागदच नसणार. चालू ठेवला तर कळेल, पण येणारच नाही.

१५ जून, गुरुवार

साहेब सकाळीच सांगलीला लग्नाला गेले. जाताना म्हणाले पाचच्या आत येतो.

दहा वाजता प्रिंटरचं बटण बंद केलं. नुसतं बंद करून भागलं नसतं, कुणी चालू केलं असतं — मागची वायर पण काढली, गुंडाळून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

खोली एकदम शांत. फक्त एसी. कबनूरला लाईट गेल्यावर सहाच्या सहा माग थांबायचे, तसं झालं. स्वप्नाली दारात आली. "आज किर्रकिर्र न्हाई?" म्हटलं, रिबन संपलीय. कपाटात नव्या चार रिबनी आहेत, तिनंच मागवल्यात. माझ्याकडं बघितलं आणि गेली.

अकरा वाजले, बसला नाही. बारा, बसला नाही. दोन वाजता फोन यायचेच बंद झाले. तिला कामच राहिलं नाही, विणत बसली. मला पण काम नव्हतं. मी दिवसभर त्या बटणासमोर खुर्ची टाकून बसलो आणि एकदा पण दाबलं नाही. असला दिवस पहिला.

तीन वाजून दहा मिनिटांनी मनालीचा फोन. "दादा, नंबर मिळाला." नंबर सांगितला, मी हातावर लिहिला. पाऊस होता, पूल अजून चालू होता. आणि म्हणाली, आबा पण आलते बरोबर. काजूला खाडा करून. फॉर्म सगळा आबांनीच सांगितला, मी बाजूला बसलेली, सायबरवाला टाईप करत होता, मला मधे बोलू दिलं न्हाई त्यांनी.

म्हटलं, काय सांगितलं असेल ते देव — म्हणजे काय सांगितलं असेल कोण जाणे. तिथं पण ऐट.

तिनं विचारलं, आबांना देऊ फोन? मी म्हटलं, नको. साहेब आहेत.

साहेब नव्हते.

पाचला फॉर्म बंद. बाराशे अठरा आले एका दिवसात. गेल्या तीन दिवसांत मिळून एवढे आले नव्हते. वहीत आजच्या तारखेखाली काहीच लिहिलं नाही.

साहेब सव्वापाचला आले, कपाळाला अक्षता तशाच. आत येऊन आधी गठ्ठ्याकडं बघितलं. मग प्रिंटरकडं. मी सांगितलं, बाराशे अठरा आले साहेब, एकदा पण बसला नाही.

"कागद कुठायत?"

पिशवीतनं वायर काढून टेबलावर ठेवली.

साहेब खुर्चीत बसले. ओरडले नाहीत. "कागदाशिवाय आलेला फॉर्म म्हंजे आलेलाच न्हाई. सगळे रद्द करायला लागतील. बाराशे पोरी. तुझ्यामुळं." मग म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको."

मी हातावरचा नंबर बघितला. घामानं शेवटचे दोन आकडे पुसले होते.

१६ जून

खोलीवर. रद्द केले तर?

१७ जून, शनिवार

ऑफिसच्या कोपऱ्यावर चहाच्या गाड्याशी उभा होतो. आत जायचं नव्हतं, पण पाय तिकडंच. राजवीर बाहेर आला. साहेबांनी तातडीनं बोलावून घेतलेलं.

चहा त्यानंच सांगितला. म्हणाला, फॉर्म सगळे आत सुरक्षित आहेत, एक पण गेला नाही, नंबर दिलेत ते पक्के. दोन दिवस लावून कागदावर काढून देतोय साहेबांना, म्हणजे त्यांना झोप लागेल.

मी कपाला धरून उभा राहिलो. एवढंच ऐकायचं होतं.

मग तोच बोलला. प्रोग्राम उघडून बघितला काल. तू म्हणालास तसंच निघालं. छपाईची ओळ काढून टाकली, आता मशीन बसायचं नाही. "तुझा फोन आला तेव्हा मी नीट ऐकायला पाहिजे होतं." हे खाली बघून.

विचारलं, संस्थेला काय कळवलं?

कप खाली ठेवून सांगितलं. साहेबांनी पत्र दिलं — ऑपरेटर परवानगीशिवाय वारंवार मशीन बंद-चालू करत असल्यामुळे अडथळा येत होता, सदर इसमास कामावरून कमी केले आहे. खाली राजवीरची पण सही.

"तू शोधून काढलंस म्हणून तुझं नाव लिहायचं असतं तर मग कागदाचा नियम कुणाचा, ते पण लिहायला लागलं असतं ना रे."

'परवानगीशिवाय' तेवढं सोडलं तर पत्रात खोटं असं काही नाही तसं. बंद-चालू मीच करत होतो. बारा तारखेला अकरा वेळा, कळत असताना. तेवढं राजवीरला माहीत नाही. ह्या डायरीला आहे.

चहाचे पैसे मी दिले.

२० जून

कबनूर. पिराजीनं मालकाला सांगून चार माग मिळवून दिले. पहिल्या दिवशी दोनदा धाग्याचा धोटा मागाबाहेर उडाला. कान गेलाय माझा त्या एसीत. पिराजी म्हणाला, येतंय परत. "कंप्युटरचं काय झालं रं?" — म्हटलं, दुरुस्त झाला.

आबांना कोण सांगणार? मी नाही. कधी तरी कळेलच, मग पारावर परत एकदा हसा म्हणावं. "सांगतलं नव्हतं का, बटण दाबायला कोण पगार देतंय." आणि ह्या वेळी ते बरोबर असतील, हेच सहन होत नाही.

२७ जून

मनालीचं नाव लागलं. कोल्हापुरातल्याच कॉलेजात. अव्वानं शेजारच्यांच्या फोनवरनं कळवलं. आबा मागं खाकरत होते, ऐकू आलं. फोनवर आले नाहीत. मी पण बोलवलं नाही.

१ जुलै, शनिवार

राहिलेल्या पंधरा दिवसांचा पगार न्यायला शाहूपुरीत गेलतो. साहेब जागेवर नव्हते, पाकीट स्वप्नालीकडं ठेवलेलं. प्रिंटर आता कोपऱ्यात, वर कापड टाकून. म्हणाली थांब जरा, कापड काढलं, वायर जोडली, आणि एकच फॉर्म छापला. सव्वा मिनीट. फाडून माझ्या हातात दिला. "तुझी बहीण ना ही?"

मनाली बाबासो कुरणे. अडुसष्ट टक्के. खाली — पालकाचे नाव : संघर्ष बाबासो कुरणे. नाते : भाऊ. पालकाचा व्यवसाय : कंप्युटर सांभाळतो, कोल्हापूर.

पोस्ट बंद व्हायच्या आत पोचलो. मनीऑर्डर, बाबासो कुरणे यांना. मजकुराच्या जागेत काय लिहावं सुचलं नाही, कोरी ठेवली. रुपये एक हजार.